पटाईत शिकारी कोण : कोमोडो ड्रॅगन की चतुर?

प्रश्न : कोमोडो ड्रॅगन तीन मीटरपर्यंत वाढतो, हरणं-रानडुकरं लोळवतो. तरी शिकारीत बोटाएवढा चतुर त्याच्याहून यशस्वी, असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, फक्त ‘यशस्वी’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. शंभर झडपांत भक्ष्य किती वेळा हाती लागलं, एवढंच मोजलं तर चतुर जिंकतो. प्रयोगांत त्याच्या नव्वदहून अधिक झडपा साधल्याचं दिसलं आहे.

याचं कारण त्याच्या पाठलागात आहे. चतुर माशीच्या मागे लागत नाही. ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज घेऊन तिला आडवा जातो. हजारो भिंगांचे डोळे आणि स्वतंत्रपणे हलणारे चार पंख यामुळे हे जमतं. काटेरी पायांची परडी करून तो माशी उडता उडताच धरतो आणि हवेतच खातो.

इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस या बेटांवरच्या ड्रॅगनची तऱ्हा निराळी. दुभंगलेल्या जिभेने वास टिपत तो वाटेवर दबा धरतो. हरीण सावध असतं, अनेकदा निसटतंही. पण शिकार साधली, तर तो स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस एका बैठकीत खातो. शरीर उबदार ठेवण्यात त्याची ताकद खर्च होत नाही, म्हणून वर्षाकाठी डझनभर मोठी जेवणंही त्याला पुरतात. चतुराला ही चैन नाही. उडायला ताकद फार लागते आणि एका डासात पोट भरत नाही. झडपा वारंवार फुकट गेल्या तर उपाशीच राहावं लागेल.

आता दोन गैरसमज. ड्रॅगनच्या लाळेतल्या जंतूंमुळे भक्ष्य मरतं, असं पूर्वी मानत. २००९ मध्ये त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं संशोधकांनी दाखवलं. त्या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब घसरतो. त्याआधी करवती दातांनी खोल जखम केलेली असतेच. दुसरा गैरसमज चतुराचा. त्याला नांगी नसते. नराच्या शेपटीच्या टोकाला दिसतात ते मादीला धरायचे चिमटे.

तेव्हा नेम चतुराचा, घास ड्रॅगनचा. एका बाबतीत मात्र दोघं सारखेच : ड्रॅगनची पिल्लं मोठ्यांनी खाऊ नये म्हणून झाडावर राहतात, आणि पाण्यातल्या चतुराच्या अळ्याही आपल्याहून लहान भावंडं गट्ट करतात.