आपल्या रानाची पूरपातळी आत्ताच नोंदवून ठेवा

पंचगंगा-कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पूर नवा नाही. तरणा पाऊस लागला की नदीवरच्या मोटारी वर काढायच्या, ओढ्याकडेचा चारा आधी कापून घ्यायचा, हे घरोघरी ठरलेले असते. पण 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी जुने आडाखे मोडले. 2005 ला जिथे पाणी आले नव्हते तिथे ते येणारच नाही, या भरवशावर थांबलेल्यांच्या गोठ्यांत 2019 ला पाणी शिरले.

पूररेषांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. निळी रेषा 25 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची 25 वर्षे निर्धास्त, असा याचा अर्थ नाही. निळ्या रेषेच्या आतल्या रानाला दर पावसाळ्यात किमान 4 टक्के धोका असतो आणि 25 वर्षांत तो एकदा तरी ओढवण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या घरात जाते. हा हिशेबही मागच्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला आहे, आणि पाऊस तर बदलतो आहे. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते. महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो तो यामुळेही. भरीला नदीकाठी भर घालून केलेली बांधकामे, बुजवलेले ओढे आणि रस्त्यांचे उंच भराव आहेत. तेवढाच पाऊस पडला तरी पाणी पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि उशिरा ओसरते.

म्हणून पूररेषांच्या नकाशावर विसंबू नका, आपल्या रानाची नोंद स्वतः करा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलावर त्या 40 आणि 45 फूट आहेत. 2019 आणि 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. बंधाऱ्यावर किती फूट असताना पाणी आपल्या बांधाला लागले, विहिरीच्या कठड्याला कधी टेकले, गोठ्यात कधी आले, हे घरातल्या जाणत्यांना आणि शेजाऱ्यांना विचारा. मोटारघराच्या भिंतीवर रंगाने खुणा करा आणि प्रत्येक खुणेपुढे बंधाऱ्यावरचा आकडा लिहा. मग रोजची पातळी ऐकली की आपल्या रानाला किती अवकाश आहे ते आपले आपल्याला कळेल. अनेक रानांत पाणी समोरून नदीचे येत नाही, मागून ओढ्याच्या फुगवट्याने येते. खूण करताना ते विसरू नका. शिरोळ तालुक्यात कृष्णेची पातळीही सोबत पाहावी लागते. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे कोणाच्या हुकमाविना उघडतात, त्यामुळे धरण भरत आले असताना घाटमाथ्यावर पाऊस सुरू असेल तर गोठा हलवायला दरवाजे उघडण्याची वाट पाहू नका. जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच टोचून घ्या.

पिकाचा निर्णयही याच खुणांवरून घ्या. तीनही महापूर जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये आले. जुलैत लावलेला आडसाली ऊस तेव्हा कोवळा असतो, पाण्याखाली गेला की कुजतो. नदीकाठच्या मळीच्या रानात पूर्वहंगामी लागण बरी, कारण पावसाळ्यापर्यंत ऊस उंच होतो आणि शेंडा पाण्याबाहेर राहिला तर तग धरतो. सोयाबीन आणि भुईमूग उंचवट्याच्या रानातच घ्या. पूर ओसरला की आधी चर काढून पाणी वाटेला लावा आणि वाफसा आल्याशिवाय खत टाकू नका. नुकसानीचे फोटो काढून ठेवा आणि पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना लगेच कळवा. विम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात, त्या पेरणीआधीच विचारा.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. ओढ्याची हद्द नांगरून रान वाढवणारे आपल्यातलेच आहेत, मळीची माती वीटभट्टीला विकणारेही आपणच. पाचट पेटवले की जमीन कडक होते आणि पडलेला पाऊस मुरण्याऐवजी खाली धावतो. आपण अडवलेले पाणी खालच्या गावाच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. मृगाच्या आत गावाने एकत्र बसून ओढ्यांच्या वाटा मोकळ्या कराव्यात, मोऱ्यांतला गाळ काढावा आणि भिंतींवरच्या खुणा ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवून घ्याव्यात.