बँटम कोंबडीचीं अंडीं : खुडूक कोंबडी बरी कीं यंत्र बरें?

ज्या घरीं चार कोंबड्या आहेत त्या घरच्या बाईला अंड्याचें मोल काय असतें हें सांगावयास नको. आठवड्याच्या बाजारीं दहा अंडीं विकलीं तर मीठमिरची येते, मुलाची वही येते. तींच दहा अंडीं तिनें उबवावयास ठेवलीं आणि त्यांतून तीनच पिलें निघालीं, तर सात अंड्यांचें मोल मातींत गेलें आणि तीन आठवडेही गेले. म्हणून हा विषय क्षुल्लक मानूं नये. अलीकडे बँटम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुज्या कोंबड्या हौशी लोक पाळूं लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर विजेवर चालणारीं लहान उबवणयंत्रेंही बाजारांत आलीं आहेत. यंत्र विकत घेतलें कीं खुडूक कोंबडीचें काम संपलें असा पुष्कळांचा समज होऊं लागला आहे. तो कितपत खरा आहे हें पाहूं.

बँटम हें नांव जावा बेटाच्या पश्चिम टोंकाकडील बांतेन बंदरावरून पडलें. मिरी घेण्यास तेथें उतरणाऱ्या युरोपच्या खलाशांना त्या बंदरांत लहान चणीच्या कोंबड्या मिळत. पुढें सर्वच खुज्या कोंबड्यांना तेंच नांव लागलें. इंग्लंडांतील सीब्राइट किंवा जपानांतील चाबो या जाती मुळांतच लहान आहेत. दुसऱ्या कित्येक मोठ्या जातींच्याच खुज्या आवृत्ती आहेत. बँटमचें अंडें बहुधा २५ ते ३५ ग्रॅम भरतें, आणि दुकानांतील मोठें अंडें ५० ते ६० ग्रॅम. एवढासा हा फरक, पण उबवणीच्या कामीं पुष्कळ गोष्टी यावरच अवलंबून आहेत.

पेकिन बँटम आणि रेशमासारख्या पिसांची सिल्की यांना खुडूक बसण्याची मोठी हौस असते. आपली गांवठी कोंबडीही या बाबतींत कोणास हार जाणारी नाहीं. याउलट पांढरी लेगहॉर्न आणि गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जाती खुडूक बसत नाहींत असेंच म्हणावें लागतें. कारण खुडूक कोंबडी अंडीं देण्याचें थांबविते, म्हणून निवड करतांना हा गुण त्यांतून काढूनच टाकला आहे. अशा कोंबड्यांपासून पिलें हवीं असतील तर त्यांच्या सोबतीला एखादी गांवठी किंवा सिल्की पाळणें भाग आहे. मग आपल्याकडे खुडूक कोंबडीला पाण्यांत बुडविण्याची किंवा तिच्या नाकांत पीस ओंवण्याची जी चाल आहे, तिला काय म्हणावें? ती निर्दय आहे आणि तोट्याचीही आहे. कोंबडी बसवावयाची नसेल तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यांत, पोटाला खालून वारा लागेल अशी तीनचार दिवस ठेवावी; दाणापाणी द्यावें; तिचें खुडूकपण आपोआप उतरतें.

यंत्राची कल्पना नवी नाहीं. इजिप्त देशांत मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबविण्याची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि ते कारागीर उष्णतामापक हातीं नसतांना अंडें आपल्या पापणीस लावून त्याची ऊब ओळखीत. फ्रान्सांतील रेओम्यूर या शास्त्रज्ञानें लिदीच्या उष्णतेवर अंडीं उबविण्याचे प्रयोग केले व १७४९ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या सर्वांची खटपट एकच होती : कोंबडीच्या पोटाची नक्कल करावयाची. तेव्हां कोंबडी काय करते हें आधीं नीट पाहिलें पाहिजे.

खुडूक झालेली कोंबडी छातीपोटावरचीं पिसें गाळते किंवा उपटते, आणि तिची उघडी, उष्ण कातडी अंड्यांस लागते. तिच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते; अंड्याच्या वरच्या अंगास ती अधिक लागते, खालच्या अंगास कमी. ती अंडीं दिवसांतून अनेक वेळां चोंचीनें उलटते आणि कडेचीं आंत, आंतलीं कडेस असें करीत राहते. दिवसांतून बहुधा एकदां उठते, खाते, मोठी घाण वास येणारी शीट टाकते, धुळींत लोळते, आणि १५-२० मिनिटांत परत येते. तेवढ्या वेळांत अंडीं थोडीं निवतात. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. थंडी असेल तर लवकर परतते, उकाडा असेल तर रेंगाळते. हा विवेक यंत्राला नाहीं. तो यंत्र चालविणाऱ्यानें आपल्या पदरचा घालावा लागतो.

कोंबडी बसवितांना घाई करूं नये. ती दोन रात्री माळ्यावर न चढतां घरट्यांतच राहिली, जवळ गेलें असतां पिसें फुलवून गुरगुरूं लागली, म्हणजे ती खरी खुडूक झाली असें समजावें. तरीही प्रथम दोनतीन दिवस तिच्याखालीं टाकाऊ अंडीं ठेवून परीक्षा पाहावी. तिला नव्या जागीं न्यावयाचें तर रात्रीं अंधारांत न्यावें. दिवसां हलविलेली कोंबडी पुष्कळदां रुसून उठते. टोपलींत तळाशीं थोडी माती, वर वाळलेलें गवत, मध्यें उथळ खळगा, एवढें पुरें. उवा आणि पिसवा यांनीं त्रासलेली कोंबडी अंडीं टाकून जाते. म्हणून जवळ राखेचा व धुळीचा ढीग असावा. दाणा अख्खा द्यावा, ज्वारी किंवा मका. पातळ खाणें देऊं नये, हगवण लागून अंडीं भरतात.

किती अंडीं घालावीं? येथें लोभ फार नुकसान करितो. बँटम कोंबडीखालीं तिचींच अंडीं सहा ते आठ, आणि मोठीं अंडीं तीनचारच मावतात. गांवठी कोंबडीखालीं दहाबारा. कडेचें अंडें पिसांबाहेर दिसत असेल तर तीं जास्त झालीं. कोणी म्हणेल कीं, फार तर तें एक अंडें वायां जाईल. तसें नाहीं. कोंबडी अंड्यांच्या जागा सारख्या बदलीत असते, म्हणून आज एक अंडें गारठतें, उद्यां दुसरें, परवां तिसरें, आणि शेवटीं एका अंड्याच्या लोभानें निम्मी टोपली मरते.

पण खरें सांगावयाचें तर बहुतेक नुकसान अंडीं कोंबडीखालीं जाण्यापूर्वींच झालेलें असतें. सुमारें २१ अंशांच्या वर उष्णता गेली कीं फळलेल्या अंड्यांतील जीव मंदपणें वाढूं लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घराच्या आंतच ३५ अंश असतात. म्हणजे फळीवर आठ दिवस ठेवलेल्या अंड्यांत जीव अर्धामुर्धा वाढतो व मरतो. मग बाई म्हणते, कोंबडी वाईट निघाली. बिचाऱ्या कोंबडीचा त्यांत कांहीं दोष नसतो! रुंद तोंडाच्या मडक्यांत तळाशीं ओली वाळू घालावी, तिजवर फडकें पसरून त्यावर अंडीं निमुळतें टोंक खालीं करून ठेवावीं, तोंडास पातळ कापड बांधून मडकें सावलींत वाऱ्यावर ठेवावें. अशा रीतीनें हिवाळ्यांत सात दिवस व उन्हाळ्यांत तीनचार दिवस, याहून अधिक जुनें अंडें घेऊं नये. अंडीं धुऊं नयेत; कवचावर निसर्गानें दिलेला पातळ थर असतो, तो गेला म्हणजे आंत जंतु शिरतात. उबवणीस कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम.

आतां यंत्राकडे वळूं. ज्यांत पंखा आहे त्यांत ३७.५ अंश, म्हणजे फॅरनहाइटचे ९९.५, ठेवावे. ज्यांत पंखा नाहीं त्यांत हवा थरांनीं राहते, वर ऊन आणि खालीं थंड. म्हणून अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर ३८.३ ते ३८.९ अंश पाहिजेत. येथेंच बँटम अंड्यांचा घात होतो. तीं ठेंगणीं असल्यामुळें मोठ्या अंड्यांच्या मापानें लाविलेल्या यंत्रांत थंड थरांतच राहतात. त्यांच्याखालीं कापडाची घडी घालून तीं उंच करावीं, आणि दोन्हीं मापांचीं अंडीं एका वेळीं लावूं नयेत. आपोआप फिरणारें तबक मोठ्या अंड्यांसाठीं केलेलें असेल तर त्यांत हीं अंडीं घरंगळतात. मग पेन्सिलीनें एका बाजूस खूण करून दिवसांतून तीन किंवा पांच वेळां हातानेंच उलटवावीं. विषम संख्या यासाठीं कीं, रात्रीची लांब विश्रांति रोज एकाच बाजूस येऊं नये. यंत्राबरोबर आलेल्या उष्णतामापकावर विसंबूं नये; तो आणि तापाचा उष्णतामापक कोमट पाण्यांत शेजारीं धरून पडताळा पाहावा.

ओलाव्याची गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. अंड्यांतील पाणी कवचाच्या छिद्रांवाटे हळूहळू उडून गेलें पाहिजे, नाहींतर पिलाला श्वासापुरती हवेची पोकळी राहत नाहीं. पण फार उडालें तर पिलूं सुकतें. अठराव्या दिवसापर्यंत वजन सुमारें १२ टक्के घटावें. लहान अंड्याचा पृष्ठभाग त्याच्या आकाराच्या मानानें मोठा, म्हणून तें लवकर सुकतें. पुस्तकांत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लिहिलेली असते, परंतु रत्नागिरीचा श्रावण आणि नागपूरचा वैशाख यांना एकच नियम कसा लागेल? कोंकणांत पावसाळ्यांत बहुधा पाण्याचें भांडें रिकामेंच ठेवावें लागतें, विदर्भांत तें रोज भरावें लागतें. सोपा उपाय म्हणजे काटा. दहा अंडीं मिळून ३०० ग्रॅम भरलीं असतील तर अठराव्या दिवशीं तीं २६४ च्या आसपास असावीं. अधिक घटलीं तर पाणी वाढवावें, कमी घटलीं तर काढावें.

लहान यंत्राला तापवितां येतें, निवविता येत नाहीं, हें विकणारा सांगत नाहीं. खोलींत ४२ अंश झाले म्हणजे दिवा विझूनही अंडीं शिजूं लागतात, आणि ४० अंशांवर कांहीं तास गेले तर आंतला जीव जातो. गारव्यास तो त्या मानानें पुष्कळ सोसतो. वीज गेली तर झांकण उघडून पाहत बसूं नये. हवेचीं छिद्रें मोकळीं ठेवून यंत्रावर गोधडी घालावी. दोनतीन तासांत वीज आली तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं.

सातव्या रात्रीं मोबाईलच्या दिव्यावर अंडें धरून पाहावें. आंत कोळ्यासारखा काळा ठिपका व त्यापासून निघालेल्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसलें तर तें फळलेंच नाहीं. नुसतें रक्ताचें कडें दिसलें तर तो मेला. चाबो जातीचीं अंडीं असतील तर आणखी एक गोष्ट जाणून असावी. आंखूड पायांचा कोंबडा आणि तशीच कोंबडी यांच्या संततींत सुमारें चौथा हिस्सा पिलें अंड्यांतच मरतात, कारण ज्याला आंखूड पायांचा गुण आईबापां दोघांकडून येतो तें जगत नाहीं. तेथें कोंबडीला किंवा यंत्राला बोल लावणें व्यर्थ. तसेंच ढगांच्या गडगडाटानें अंडीं मरतात म्हणून घरट्यांत लोखंडाचा खिळा ठेवितात; खिळ्याच्या जागीं कोरडें गवत ठेविलें तर पावसाळ्यांत खरा उपयोग होईल. टोंकदार अंड्यांतून कोंबडाच निघतो ही समजूतही निराधार आहे.

कोंबडीचे दिवस २१ असले तरी बँटमचीं पिलें कित्येकदां १९-२० दिवसांतच येतात. म्हणून त्यांचें उलटविणें १७ व्या दिवशींच थांबवावें आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. यापुढें यंत्र उघडूं नये. कवचास पहिली चीर पडल्यापासून पिलूं बाहेर येण्यास १२ ते २४ तास लागतात. तो वेळ पाहणाऱ्याला फार कठीण जातो, आणि दया येऊन तो कवच सोलूं लागतो. सोलल्यानें रक्तवाहिन्या तुटतात, आणि झांकण उघडल्यानें आंतली पातळ कातडी वाळून इतर पिलांच्या अंगाला आवळते. निघालेलें पिलूं आंत तसेंच असूं द्यावें. अंड्याचा बलक त्याच्या पोटांत गेलेला असतो, त्यावर तें दोन दिवस निभावतें.

ज्याच्याजवळ खुडूक कोंबडीही आहे आणि यंत्रही आहे त्यानें दोघांस एकाच दिवशीं बसवावें. सातव्या दिवसाच्या तपासणींत कोंबडीखालीं जितकीं अंडीं बाद ठरतील तितकीं यंत्रांतलीं चांगलीं तिच्याखालीं सरकवावीं. राहिलेल्या अंड्यांचीं पिलें यंत्रांत निघालीं म्हणजे अंधार पडल्यावर एकएक करून तिच्या पंखाखालीं घालावीं. एकाच वयाचीं असलीं तर सकाळीं ती बहुधा सर्वांना आपलींच मानते, आणि विजेच्या दिव्याखालीं पहिल्या आठवड्यांत ३५ अंश ऊब राखण्याचा खर्च व धोका वांचतो. सकाळीं तासभर लक्ष मात्र ठेवावें. एखादी कोंबडी परक्या पिलाला टोंचते. बँटमचीं पिलें फार चिमुकलीं असतात, पाण्याच्या थाळींत बुडून मरतात. म्हणून थाळींत खडे घालावे. कण्या बारीक दळून द्याव्या, वाळवी मिळाली तर उत्तम. रानीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यांत गुरांच्या दवाखान्यांतून देवविणें विसरूं नये. पहिले आठदहा दिवस आईसह डालग्याखालीं ठेवावीं; घार आणि मुंगूस यांचें लक्ष लहान पिलांवर आधीं जातें. सुमारें दोन महिन्यांनीं आई त्यांना दूर सारूं लागते, आणि पुन्हां अंडीं घालावयास जागा शोधते.