गौरीस, वर्गातल्या एआयविषयी

बोरिवली (पूर्व)

चि. गौरी हिस,


घाटकोपरच्या शाळेत तुला सहावीची तुकडी मिळाली, हे वहिनींकडून कळलं. पाठोपाठ तुझा प्रश्नही आला. शिक्षकांच्या खोलीत हल्ली एआयशिवाय दुसरा विषय नसतो, निम्मे हरखलेले आणि निम्मे धास्तावलेले. मग आपण वर्गात ते वापरावं का, आणि कशासाठी? प्रश्न वेळेवर आलाय. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या मुलांना एआयची ओळख करून द्यायची. पण मुलांना एआय शिकवणं वेगळं, आणि शिक्षकाने शिकवण्याच्या कामात एआयची मदत घेणं वेगळं. या पत्रात मी दुसऱ्याबद्दलच लिहिणार आहे.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. तुझ्या शाळेपासून जवळच, पवईच्या आयआयटीत, विद्युत अभियांत्रिकीच्या प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘तारा’ नावाची प्रणाली तयार केली. मूल मोबाइलसमोर एक उतारा मोठ्याने वाचतं, त्याचं ध्वनिमुद्रण होतं आणि यंत्र ते ऐकून सांगतं की कोणते शब्द बरोबर वाचले, कोणते गाळले, मिनिटाला किती शब्द नीट आले, वाक्यात जिथे थांबायला हवं तिथे मूल थांबलं का. हिंदी आणि इंग्रजी वाचनासाठी केंद्रीय विद्यालयांनी ती देशभर वापरात आणली. गुजरातमधल्या शाळांमध्येही अशीच एक प्रणाली आहे. ती ‘वाधवानी एआय’ या संस्थेची, आणि या संस्थेचं उद्घाटन २०१८ साली आपल्या कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातच झालं होतं.

हे काम एवढं महत्त्वाचं का, ते शिक्षकालाच कळेल. मुलाला वाचता येतं की नाही, हे लेखी परीक्षेत समजत नाही. त्याच्याजवळ बसून ऐकावं लागतं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ची पाहणी चालवली, ती याच साध्या रीतीने: कार्यकर्ता घरी जातो, एका मुलासमोर अक्षरं, शब्द, उतारा, गोष्ट ठेवतो आणि ऐकतो. केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेच्या उद्दिष्टांप्रमाणे तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचायला हवेत. आता तुझा हिशेब मांड. शिक्षणहक्क कायदा उच्च प्राथमिकला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरतो. एका मुलाला तीन मिनिटं दिली तरी १०५ मिनिटं झाली, म्हणजे ३५ मिनिटांचे पूर्ण तीन तास. तेवढा वेळ उरलेली चौतीस मुलं काय करणार? म्हणून हे ऐकणं वर्षातून एकदा, घाईघाईने उरकलं जातं. यंत्राने ते दर महिन्याला केलं तर शिक्षकाच्या हाती असं काही येतं, जे आजवर त्याला वेळेअभावी मिळत नव्हतं.

मात्र यंत्र मोजून देतं तिथे त्याचं काम संपतं. मिनिटाला ३२ शब्द वाचणारं मूल का अडखळतंय? घरी भोजपुरी किंवा गुजराती बोलतात म्हणून? जोडाक्षरं राहून गेली म्हणून? की फळ्यावरचं त्याला दिसतच नाही आणि चष्म्याची गरज आहे? त्या मुलाला जवळ बोलावून हे तुलाच शोधावं लागेल. यंत्राने वाचवलेले तीन तास अशा पाच-सहा मुलांसाठी खर्च झाले, तर एआय वर्गात आणल्याचा उपयोग झाला असं मी म्हणेन. तेच तास आणखी एक तक्ता भरण्यात गेले, तर झाला नाही.

दुसरा उपयोग भाषेचा, आणि याची पाळंमुळंही आपल्याच शहरात आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं तेव्हा नाना चौकातल्या एका महापालिका शाळेत त्याची जागा होती. संस्थापक संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना दाखवून दिलं, की विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी हीच मुलांच्या वाटेतली मोठी अडचण आहे. मजकूर सोपा करून दिला की तीच मुलं विज्ञान जास्त चांगलं समजून घेतात. मुलं कमी हुशार नव्हती, वाक्यं अवघड होती. माझ्या मते मुंबईच्या शिक्षणातला हा फार मोलाचा शोध आहे आणि प्रत्येक डी.एल.एड. वर्गात तो शिकवायला हवा.

त्या काळी एकेक पाठ असा सोपा करायला माणसांना बसावं लागे. आज शिक्षकाला एआयकडून तोच पाठ अर्ध्या मिनिटात तीन पातळ्यांवर लिहून मिळतो. फक्त सांगताना नेमकं सांगायला हवं. उदाहरणार्थ: “हा उतारा सहावीच्या मुलांसाठी सोपा कर. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा बदलू नकोस, पहिल्यांदा आली की शेजारी अर्थ दे.” संज्ञेचा आग्रह धरायचा, कारण परीक्षेच्या कागदावर ‘प्रकाशसंश्लेषण’च छापून येणार आहे. आणि मग प्रत्येक ओळ स्वतः वाचायची. या यंत्रांचं शिक्षण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालंय, मराठी त्या मानाने फार थोडी त्यांच्या वाट्याला आली. त्यामुळे मराठीत हिंदीची वाक्यरचना शिरते, लिंग चुकतं, आणि चुकीची माहितीही अगदी ठाम सुरात येते. म्हणून जो विषय शिक्षकाला स्वतःला पक्का येतो, त्यातच त्याने या यंत्राची मदत घ्यावी. भूगोल कच्चा असलेल्या शिक्षकाने भूगोलाचं टाचण यंत्राकडून लिहून घेतलं, तर चूक पकडणार कोण?

आता वर्गातल्या तासाबद्दल. चूक पकडणं हाच मुलांचा स्वाध्याय करता येतो. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो तुझ्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. ८ जून २०१४ ला ती सुरू झाली, मार्ग ११.४ किलोमीटरचा, स्थानकं १२. दोन स्थानकांत सरासरी अंतर किती, या प्रश्नाची दोन उत्तरं यंत्राकडून मुद्दाम लिहून घे. एका उत्तरात १२ ने भागलेलं, म्हणजे ९५० मीटर. दुसऱ्यात ११ ने, म्हणजे एक किलोमीटरहून थोडं जास्त. दोन्ही अगदी नीटनेटकी, पायऱ्यांसकट. मग कोणतं बरोबर ते मुलांना ठरवू दे. कुणीतरी घाटकोपर, जागृतीनगर, असल्फा, साकीनाका असं बोटांवर मोजायला लागेल आणि त्याच्या लक्षात येईल की बारा स्थानकांमध्ये अंतरं अकराच. नीटनेटकं दिसणारं उत्तरही चुकीचं असू शकतं, हे मुलांना कळायला एवढा एक तास पुरे.

भूगोलात खडकांचा विषय येतो. त्यासाठी यंत्राकडून ज्वालामुखीची रंगीत चित्रं करून घेण्याचा मोह होईल, पण आपल्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभी आहे, सुमारे २०० फूट उंच, काळ्या बेसॉल्टची, तप्त लाव्हा थंड होताना तयार झालेल्या उभ्या स्तंभांची. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, सभोवती इमारती. मेट्रोने गेलीस तर वर्ग तिथे अर्ध्या दिवसात जाऊन येईल. यंत्राकडून काय घ्यायचं? निरीक्षणाच्या कागदाचा मसुदा, पालकांना द्यायची सूचना, परत आल्यावर विचारायचे वीस प्रश्न. त्यातले बारा तू खोडशील. खडकाला हात मात्र मुलांनीच लावायचा. आणि तू आधी एकटी एकदा जाऊन ये. तिथे सावली कुठे मिळते आणि पायऱ्या कशा आहेत, हे यंत्राला नीट सांगता येणार नाही.

आता धोक्याचं. तुर्कस्तानात जवळजवळ हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी एका गटाला चॅटजीपीटीसारखं साधं यंत्र दिलं. त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षाही या मुलांना १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाच्या यंत्राला मात्र शिक्षकांच्या मदतीने आधीच बजावलं होतं की उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढची पायरी सुचवायची. त्या गटाचं असं नुकसान जवळपास झालंच नाही. हा निष्कर्ष शिक्षकाने कायम डोळ्यांसमोर ठेवावा. मुलाला विचार करावा लागतो, त्या कष्टातूनच ते शिकतं. ते कष्ट यंत्राने उचलले की वही भरते आणि डोकं रिकामं राहतं.

सहावीची मुलं अकरा-बारा वर्षांची. वर्गात अशी साधनं स्वतंत्रपणे वापरायला किमान वय १३ असावं, असं युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलंय. म्हणून तुझ्या वर्गात यंत्र तुझ्याच हातात राहू दे, सगळ्यांसमोर, पडद्यावर. घरी मुलं मोठ्या भावाच्या मोबाइलवरून निबंध आणतील, ते होणारच. त्यावर एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं वापरायच्या फंदात पडू नकोस. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांना तर असं आढळलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले अर्ध्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. साधी, मोजकी इंग्रजी वाक्यं लिहिणाऱ्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलावर असा आळ आला तर ते पुन्हा पेन उचलेल का? त्यापेक्षा निबंध वर्गात लिहून घे, किंवा घरून आणलेल्या निबंधावर दोन मिनिटं बोलायला लाव. लिहिलेलं स्वतःचं असेल तर मूल बोलतं.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते. सत्र संपताना वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. तयार नोंदींच्या पीडीएफ वर्षानुवर्षं शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि “कवितेचे तालासुरात गायन करतो” हे वाक्य अख्ख्या तुकडीच्या नावापुढे उतरतं. एआय हे काम आणखी सफाईने करेल. पस्तीस मुलांच्या पस्तीस वेगळ्या, सुंदर नोंदी ते लिहून देईल, एकाही मुलाला न बघता. असं करू नकोस. त्याऐवजी वर्षभर एक छोटी वही ठेव. आज कोणी काय विचारलं, कोण कशात अडलं, एका ओळीत टिपत जा. सत्राच्या शेवटी त्या ओळींची भाषा नीट करायला यंत्राची मदत घेतली तर माझी काही हरकत नाही. निरीक्षण मात्र तुझंच असलं पाहिजे.

आणि यंत्रात मुलांची नावं, फोटो, आजार, घरची परिस्थिती काहीही टाकायचं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ एवढ्यावर काम भागतं. वाचनाच्या ध्वनिमुद्रणाचा प्रयोग करायचा झाला तर आधी मुख्याध्यापकांशी बोल, मग पालकसभेत ते ॲप पालकांना दाखव, समजाव आणि लेखी संमती घे. आवाज हीसुद्धा मुलाची खासगी माहितीच आहे.

नवं साधन मिळेना म्हणून खंत करू नकोस. २०१५ साली महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हा मोठं कौतुक झालं होतं. २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली, म्हणजे टॅबमधला मजकूर जुना ठरला. साधन आलं की त्यातला मजकूर ताजा ठेवण्याचं कामही मागोमाग येतं, आणि ते कुणीतरी करावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात छापता येणाऱ्या साध्या क्यूआर कोडसाठी लोकांच्या लक्षात राहिला. त्याआधी त्यांनी केलेलं काम मात्र कमी सांगितलं जातं: पाठ्यपुस्तकातला मजकूर त्यांनी मुलांच्या मातृभाषेत आणला होता. मुलांची अडचण कुठे आहे, हे त्यांनी आधी ओळखलं होतं.

तर जूनमध्ये सुरुवात अशी कर. पहिले दोन आठवडे यंत्र बाजूला ठेव आणि रोज चार मुलांचं वाचन स्वतः ऐक. कोण कुठे अडतं ते कळलं की विज्ञानाचा एकच पाठ निवड, तो तीन पातळ्यांवर करून घे आणि मला पाठव. संज्ञा आणि लिंगं मी तपासून देईन. गिल्बर्ट हिलची सहल पावसाळा संपल्यावरच ठेव, ओल्या पायऱ्यांवर पस्तीस मुलं सांभाळणं कठीण. मेट्रोचं गणित मात्र पहिल्याच महिन्यात घे, आणि त्या तासाला मुलं काय म्हणाली ते कळव.

वहिनींना आणि दादाला नमस्कार.

तुझी,
आत्या