प्राण्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड वॉक’: दुकानदाराचे पैसे देणगीत की जाहिरातीत?

मित्रांनो, व्हिडिओत गणित घाईत झालं, इथे सावकाश मांडतो. समजा, भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या संस्थेसाठी तुम्ही 5 किलोमीटरचा वॉक ठेवलात. चालणारे 40. प्रत्येकाने ओळखीतले 5 जण गाठायचे, एकेकाने किलोमीटरमागे 20 रुपये द्यायचे. झाले 20,000. टी-शर्ट, पाणी, मंडप यातूनच केलंत तर कुत्र्यांच्या वाट्याला काय उरणार? तो खर्च दुकानदारांकडून वेगळा उभा करा. (आणि वॉक झाल्यावर वसुलीला फिरू नका, पैसे आधीच, थेट संस्थेच्या खात्यात.)

मेख इथे आहे. बॅनरवर ‘अमुक यांच्या सौजन्याने’ एवढंच असेल आणि हेतू मदतीचाच असेल, तर ती देणगी. तिच्यावर जीएसटी नाही. 2019 च्या जीएसटी परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. पण नावाखाली ‘आमच्याकडे या, 10 टक्के सूट’ आलं की झाली जाहिरात! मग जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेला कर लावून बिल द्यावं लागतं, आणि दुकानदाराच्या वहीत ती रक्कम जाहिरात खर्चात जाते. त्यावर देणगीची पावती मागायची नाही. म्हणून मजकूर आधी ठरवा, बॅनर नंतर छापायला टाका.