डायरी कोणाची, लॉगिन कोणाचं?

लॅरव्हेलच्या साईटवर ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण चढवणं एका दुपारचं काम आहे. सोशलाईट पॅकेज टाकायचं, गूगलच्या कन्सोलमधून क्लायंट आयडी आणि सीक्रेट आणायचं, दोन रूट लिहायचे, झालं. ग्राहकाला दाखवताना तर फारच झकास दिसतं. पासवर्ड नाही, लांबलचक फॉर्म नाही, बोट टेकवलं की आत. पिंपळगाव बसवंतच्या परिसरातल्या द्राक्ष बागाईतदारांसाठी केलेली फवारणीची डायरी अशीच तयार होऊन माझ्याकडे देखभालीला आली. मूळ काम करणारी मंडळी तोवर दुसरीकडे गेली होती. त्या लॉगिनने एका हंगामात जे जे दाखवलं, ते असं काम हातात घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

या डायरीला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरी या रोगांच्या मागे फवारण्या सुरू होतात. तारीख, औषध, मात्रा, प्लॉट अशी प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. माल युरोपला जायचा असेल तर अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी लागते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निर्यातदार फवारणीच्या नोंदी मागतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. त्याचे चटके नाशिक जिल्ह्याला चांगलेच बसले. तेव्हा इथे एक चुकीची ओळ म्हणजे नुसता ‘बग’ नव्हे.

ऐन काढणीच्या तोंडावर एका बागाईतदाराचा फोन आला. “भाऊ, माझ्या थॉमसनच्या प्लॉटला मी मारलीच नाहीत ती औषधं कशी काय दिसतात?” डेटाबेस उघडला तर त्यांच्या खात्यात वेगवेगळ्या गावांच्या फवारण्या एकाखाली एक बसलेल्या. एकाच दिवशी तीन ठिकाणी, तीन वेगळी औषधं. कोणी घुसखोरी केली नव्हती. झालं होतं ते असं. साईटवर गूगलच्या जोडीला फेसबुकचं बटणही होतं. फेसबुकचं खातं नुसत्या मोबाईल नंबरवरही निघतं. आपल्याकडे गावोगावी ते तसंच निघालेलं असतं. अशा माणसाने फेसबुकने लॉगिन केलं तर ईमेलच्या जागी रिकामं उत्तर येतं. लॅरव्हेलच्या मूळ यूजर्स टेबलात ईमेल सक्तीचा असल्यामुळे सुरुवातीला साईट अशा लोकांना ५०० ची एरर देत असणार. मग कोणीतरी ती सक्ती काढली आणि एरर गेली. खाली कोड मात्र तोच राहिला: ‘या ईमेलचा माणूस असेल तर शोध, नसेल तर नवा कर’. रिकाम्या ईमेलचा पहिला माणूस आला, त्याचं खातं झालं. रिकाम्या ईमेलचा दुसरा आला, तर लॅरव्हेलच्या फर्स्टऑरक्रिएट या फंक्शनने इमानेइतबारे पहिल्याचंच खातं त्याच्या हातात दिलं. एरर येत होती तोवर सगळं सुरक्षित होतं, हे त्यातलं खरं दुखणं.

ईमेल ही ओळख नव्हे. गूगल प्रत्येक खात्याला ‘सब’ नावाचा कायमचा क्रमांक देतं, तो कधी दुसऱ्याला जात नाही, आणि ईमेलऐवजी तोच धरा असं त्यांच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. फेसबुकही आयडी देतं, पण तो प्रत्येक ॲपपुरता वेगळा असतो. म्हणजे उद्या मेटाच्या पोर्टलवर नवं ॲप काढलं, तर त्याच माणसाचा आयडी बदलतो. हा बारकावा पुढे पुन्हा लागणार आहे.

नोंदी वेगळ्या करायला वेळ गेला, पण ते तरी हिशेबाचं काम होतं. दुसरी तक्रार नाना नावाच्या बागाईतदारांची, ती जास्त अवघड निघाली. कारण तिच्यात कोड अगदी बरोबर चालत होता.

“डायरी कोरी झाली. छाटणीपासूनचं सगळं गेलं का?”

“नाना, फोन बदलला का?”

“पोराने नवा घेऊन दिला ना दिवाळीला.”

जुन्या फोनवरचं जीमेल मोबाईल दुकानदाराने सिम घालताना काढून दिलेलं. पासवर्ड त्यालाच माहीत, आणि आता त्यालाही आठवत नाही. नव्या फोनवर मुलाने स्वतःचं जीमेल टाकलेलं. नानांनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि साईटने एका नव्या माणसाचं स्वागत केलं. गूगलच्या दृष्टीने आत आलेला माणूस मुलगाच होता. हे आपल्याकडे अपवाद म्हणून होत नाही, घरोघरी होतं. एक फोन दोघांत असतो, एक जीमेल चौघांत असतं, आणि बागेचा कारभार बघणाऱ्याच्या नावावर यातलं काहीच नसतं. या बटणामागच्या ओऑथ २.० चा मसुदा २०१२ साली पक्का झाला तोच मुळात ‘माझ्या माहितीत या ॲपला अमुक इतकंच डोकावू दे’ अशा परवानगीसाठी. माणूस ओळखण्याची सोय ओपनआयडी कनेक्टने २०१४ साली त्यावर चढवली. तीसुद्धा खातं ओळखते. खात्यामागे बसलेले नाना तिला दिसत नाहीत.

म्हणून रचनाच बदलली. बागाईतदाराचं खातं आपलं, आपल्या क्रमांकाचं, त्याखाली गट नंबर आणि प्लॉट. गूगल, फेसबुक, मोबाईल नंबर या त्या खात्याच्या किल्ल्या. त्यांचं टेबल वेगळं ठेवलं. एका खात्याला कितीही किल्ल्या चालतील, पण एक किल्ली एकाच खात्याला. नवी किल्ली जोडायची तर आधी जुन्या किल्लीने आत आलेलं असलं पाहिजे. ‘ईमेल जुळला, जोडून टाक’ हा शॉर्टकट कुठेही ठेवला नाही, कारण दुसऱ्याचा ईमेल टाकून आधीच खातं काढून ठेवणारा भामटा नेमका त्यातूनच शिरतो. सगळ्याच किल्ल्या हरवल्या तर बागेवर फिरणारा सुपरवायझर सातबाऱ्यावरचा गट नंबर पाहून खातं उघडून देतो. ऐकायला हे मागासलेलं वाटेल, पण नानांना डायरी परत मिळाली ती याच वाटेने.

कोणी म्हणेल, मग सरळ ओटीपीच का नाही? एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी पोर्टलवर संस्थेची, हेडरची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, शिवाय प्रत्येक संदेशाला पैसे. २०२१ च्या मार्चमध्ये साचे तपासणं सुरू झालं तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती तपासणी काही दिवस थांबवावी लागली. छोटा ग्राहक गूगलच्या फुकट बटणाकडे वळतो तो याच कटकटीमुळे. त्यात त्याचं काही चुकत नाही. तरी नोंदणी करून घ्या. निदान पहिल्या नोंदणीला आणि फोन बदलल्यावर ओटीपी असावाच.

आता स्टेटलेसविषयी, कारण हा शब्द मला जिथे तिथे कोडमध्ये सापडतो. गूगलकडून परत येताना सोशलाईट कधीकधी ‘इनव्हॅलिड स्टेट’ म्हणून अडतं. गुगलून पाहिलं की उत्तर मिळतं: स्टेटलेस लावा. लावलं की एरर जाते, आणि तिच्याबरोबर पहाराही जातो. स्टेट म्हणजे निघताना सेशनमध्ये ठेवलेली खूण. परत आलेला तोच आहे ना, हे तिच्यावरून कळतं. ती तपासली नाही, तर कोणीही स्वतःच्या लॉगिनचा अर्धवट दुवा व्हॉट्सॲपवर धाडू शकतो. तो दाबणारा बागाईतदार नकळत दुसऱ्याच्या खात्यात जाऊन आपल्या नोंदी लिहीत बसेल. किल्ली जोडण्याच्या पानावर तर उलटं होतं, भामट्याची किल्ली बागाईतदाराच्या खात्याला लागते. या साईटवर अडचणीचं मूळ फार साधं होतं. लोक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता यायचे, परतीचा पत्ता मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा होता. सेशनची कुकी एकाची, दुसऱ्याला दिसेना. सर्व्हरवर सगळ्यांना एकाच पत्त्यावर वळवलं, स्टेटलेस काढलं, काम भागलं.

चाचणीचंही तसंच. ऑफिसातल्या लॅपटॉपवर सगळं चालतं. पण बागाईतदार दुवा उघडतो तो अनेकदा फेसबुकच्या ॲपमधूनच, आणि ॲपच्या पोटातल्या अशा ब्राउझरमध्ये गूगल लॉगिन करू देत नाही, थेट ४०३ दाखवतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आपण तिथे मराठीत ‘क्रोममध्ये उघडा’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ फोन वाचतात.

उरला फेसबुक आयडीचा मघाचा बारकावा. गूगल कन्सोलचा प्रोजेक्ट आणि मेटाचं ॲप बहुतेक वेळा काम करणाऱ्या मुलाच्या खासगी खात्यावर काढलेलं असतं. तो नोकरी बदलून पुण्याला गेला की सीक्रेट बदलता येत नाही, आणि मेटाकडे नवं ॲप काढलं की जुने आयडी निरुपयोगी, फेसबुकने येणारा प्रत्येक जण पुन्हा अनोळखी. त्यामुळे काम देणाऱ्यांना विनंती आहे: तुमच्या साईटवर असं बटण असेल तर ही दोन्ही खाती कोणाच्या नावावर आहेत ते याच आठवड्यात विचारा, आणि संस्थेच्या ईमेलला मालकीहक्क मिळाल्याशिवाय कामाचं शेवटचं बिल चुकतं करू नका.