उतारावरचा धडा

दिवाळीची सुट्टी लागली होती. एक मामा आणि त्यांचा बारा वर्षांचा भाचा पुण्याहून मोटारसायकलवरून कोकणात निघाले होते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दिवेआगर हे गाव त्यांना गाठायचे होते. तेथील सुपारीच्या वाड्या ओलांडून वाळूवर जायचे आणि सूर्य समुद्रात बुडताना पाहायचा, असा भाच्याने कितीतरी दिवस आधीच बेत केला होता. मुळशीचे धरण मागे पडले. ताम्हिणीचे रान लागले आणि दुपार असूनही हवेत गारवा जाणवू लागला.

सह्याद्रीचा माथा ओलांडला की हा रस्ता विळे गावाच्या दिशेने भराभर खाली उतरतो. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मधून नागमोडी वळणे. मामांनी गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली होती. वेग वाढू नये म्हणून त्यांची बोटे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकच्या पायटीवर सतत दाबलेला होता. बराच उतार असाच संपला. तेवढ्यात भाच्याच्या नाकाला करपल्यासारखा वास आला.

"मामा, काहीतरी जळते आहे!" तो म्हणाला.

मामांनी लिव्हर ओढली. एरवी बोटांना घट्ट लागणारी ती लिव्हर लोण्यात सुरी शिरावी तशी थेट मुठीला येऊन टेकली. पुढचा ब्रेक नाहीसा झाला होता! त्यांनी पायटी जोराने दाबली. पण मागचा ब्रेकही तापून दुबळा झाला होता. गाडीचा वेग वाढू लागला आणि समोर वळण दिसू लागले.

मामांच्या छातीत धस्स झाले. तरीही त्यांनी हात डगमगू दिला नाही. "मला घट्ट धर. हलू नकोस," एवढेच ते म्हणाले. क्लच दाबून धरला असता, तर इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटून गाडी आणखी सुसाट सुटली असती. म्हणून त्यांनी क्लच क्षणभरच दाबून तिसरा गिअर टाकला व लगेच सोडला. इंजिन घरघरले आणि गाडीला मागून कोणीतरी ओढल्यासारखा हिसका बसला. मग दुसरा गिअर, मग पहिला. एकीकडे ते लिव्हर भराभर दाबून सोडत होते, पायटीवर जोर देत होते आणि समोरून येणाऱ्यांना कळावे म्हणून भोंगा वाजवीत होते. सुदैवाने डोंगराची बाजू डावीकडे होती. वळणाच्या अलीकडेच कडेला खडी पसरली होती. बऱ्याच मंदावलेल्या गाडीचे हँडल सरळ धरून त्यांनी ती खडीत घातली. दहा-बारा पावलांवर गाडी थांबली.

कितीतरी वेळ दोघेही बोलले नाहीत. मग भाचा पाण्याची बाटली घेऊन तापलेल्या चकतीकडे धावला. मामांनी त्याला अडविले. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडले, तर तो वाकण्याचा किंवा तडकण्याचा संभव असतो.

"पण ब्रेक गेला कसा, मामा?"

मामा दगडावर बसून सांगू लागले, "ब्रेक गाडीची गती गिळतो आणि तिची उष्णता करतो. आपण दोघे, गाडी आणि सामान मिळून सुमारे २८० किलो वजन आहे. एवढे वजन ५०० मीटर खाली उतरविताना सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर चार लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ती इंजिनाला वाटून घेऊ द्यायला हवी होती. ज्या गिअरमध्ये चढ चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरावा."

"आणि लिव्हर ढिली कशाने पडली?"

"पुढच्या ब्रेकच्या नळीत तेल असते. बंदिस्त द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोचतो, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिले. बोटांचा जोर चाकाशी पोचतो तो याच नियमाने. पण हे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषते. डॉट ४ जातीचे नवे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा शिरला की ते प्रमाण १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. मग आपला सारा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो."

तासाभराने चकती निवली. भाच्याने लिव्हर दाबून पाहिली. ती पुन्हा घट्ट झाली होती! "मामा, ब्रेक आला! आता निघालो तर सूर्यास्त सापडेल," तो आनंदाने ओरडला.

मामांनी घड्याळाकडे पाहिले, उरलेल्या उताराकडे पाहिले आणि मान हलविली. "बुडबुडे विरले, बाळ, पण तेलातले पाणी तेथेच आहे. पुढच्या उतारावर ते पुन्हा उकळेल. एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. तेल दर दोन वर्षांनी बदलावे लागते. 'तेल जुने झाले आहे,' असे कारागिराने मला महिन्यापूर्वीच बजावले होते. 'परत आल्यावर पाहू,' असे मी म्हणालो. चूक गाडीची नव्हे, माझी आहे. तीच चूक एका दिवसात दोनदा करायची नाही."

भाचा हिरमुसला, पण काही बोलला नाही. थोड्या वेळाने एक रिकामा टेम्पो आला. चालकाने गाडी दोरांनी बांधून माणगावपर्यंत पोचविली. तेथील कारागिराने जुने तेल काढले. नवे तेल फिकट पिवळे असते; हे मात्र काळ्या चहासारखे दिसत होते. त्याने मागच्या ब्रेकचे शूही तपासून बदलले. निघण्यापूर्वी मामांनी मोकळ्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक तीन वेळा पारखून घेतले.

म्हसळ्यावरून दोघे दिवेआगरला पोचले, तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसत नव्हता. त्याची गाज तेवढी ऐकू येत होती. वाळूवर उभे राहून भाचा म्हणाला, "मामा, सूर्य उद्याही मावळेल, नाही का?"

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे लाटांचा आवाज ऐकत राहिले.