दाखल्यापायी गेलेलं वर्ष

दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वाढतात. ऊस नसतो त्यांत; असतात पेट्या, बांबू, ताडपत्र्या, शेळ्या आणि त्यावर बसलेली पोरं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येतात आणि सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, गाळपाचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पोरांचं दुसरं सत्र कोयत्याबरोबर गाव सोडतं.

इंदापूर तालुक्यातल्या एका तळावर मी जवळून पाहिलेल्या कुटुंबातली मुलगी तिसरीत होती. बाप तिला घेऊन जवळच्या प्राथमिक शाळेत गेला. ‘आधी दाखला आणा, मग बघू,’ असं उत्तर मिळालं. शाळा सोडल्याचा दाखला गावाकडे. आणायला जायचं म्हणजे कामाचा खाडा, वर गाडीभाडं. आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असल्याने एक गेला की दुसऱ्याचंही काम अडतं. टोळीचा मुकादम ते खपवून घेईना. मग मुलगी कोपीवरच राहिली. आईबाप पहाटे फडावर गेले की धाकट्या भावाला कडेवर घ्यायचं, पाणी भरायचं, संध्याकाळी विकायच्या उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परतली तेव्हा जोडाक्षरं तिला अडू लागली होती. जूनमध्ये नाव मात्र चौथीच्या हजेरीवर.

शाळेचं ते उत्तर कायद्यात बसत नव्हतं. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ वयाच्या पुराव्यासाठी अडवू देत नाही, कलम १५ वर्ष अर्ध्यावर आलं या सबबीवर. स्थलांतरित मुलांचा प्रवेश पाहणं हे तर कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे. पूर्वी कारखान्यांजवळ साखरशाळा चालत. या कायद्यानंतर मुलांना नियमित शाळेतच बसवण्याकडे धोरण वळलं.

मग शाळा का बिचकते? शिक्षकांच्या मंजुरीसाठी धरला जातो ३० सप्टेंबरचा पट. ऊसतोडीची मुलं येतात त्यानंतर. वर्गात पोरं वाढतात, मास्तर वाढत नाही. गावातल्या बागायतदारांची मुलं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेलेली असताना पटासाठी हवालदिल झालेल्या शाळेलाच ही मुलं ओझं वाटावीत, हा सरकारी हिशेबाचा विनोद आहे. शिक्षकाची अडचण खरी असते. पण तिची किंमत पोराने का मोजायची?

पुढच्या हंगामाला त्या कुटुंबाने वेगळी तयारी केली, आणि इतरांनीही तीच करावी. गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्यावं. हंगामापुरता दाखला काढायच्या भानगडीत पडू नये, त्याऐवजी नव्या शाळेत दाखवायला हे कार्डच आहे. मुलाचा सरकारच्या सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक त्यावर लिहून घ्यावा, आधारची झेरॉक्स सोबत ठेवावी. कार्ड ट्रंकेच्या तळाशी नको. कोपीला आग लागते, पावसाने ताडपत्री गळते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि मुकादमालाही पाठवावा.

टोळी उतरली की पहिल्या आठवड्यातच शाळा गाठावी, शक्यतो तळावरची चार-पाच पोरं एकत्र नेऊन. एकट्या बापाला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं. तोंडी नकार मिळाला तर साध्या कागदावर अर्ज लिहावा, पोच मागावी. पोचेची गोष्ट निघताच निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. तरी नाहीच जमलं, तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. मुलगा मागे पडला असेल तर वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण मागावं. कलम ४ त्यासाठी आहे. गावी आजी-आजोबा धडधाकट असतील तर मूल गावीच ठेवता यावं म्हणून निघण्यापूर्वीच हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी.

धाकट्याचं काय, हा प्रश्न उरतोच. जवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घातल्याशिवाय थोरली शाळेत टिकत नाही, हे तळावरच्या बायका कुणाही अधिकाऱ्याआधी सांगतील. आणि पट्टा पडायची कुणकुण लागली की मुकादमाच्या आधी वर्गशिक्षकांना कळवावं, म्हणजे हजेरी आणि मूल्यमापनाची नोंद घेऊनच ट्रॉलीत बसता येतं. ट्रॉली निघाल्यावर त्या कागदासाठी बीडहून इंदापूरला कुणी परत येत नाही.